विद्युत आरेखनातील 'पकड': ऑब्जेक्ट स्नॅपच्या व्यवस्थापनाचे विवेचन

१. प्रास्ताविक

मराठी ज्ञानभाषा व्हावी, यासंबंधी विद्यापीठांतून आणि परिषदांतून जी चर्चा होते, तिच्यात विज्ञान, वैद्यक व न्यायव्यवहार यांच्या भाषेला स्थान मिळते. कारखान्यातील आरेखक संगणकासमोर बसून जी भाषा वापरतो, ती मात्र क्वचितच विचारात घेतली जाते. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण साहित्याचे. तथापि महाराष्ट्राबाहेर अध्यापन करीत असताना एका टिपणाची भाषा तपासण्याचे काम त्याच्याकडे आले. विद्युत नियंत्रण-फलकांची, म्हणजे कारखान्यात ज्यांना सर्वजण पॅनेल म्हणतात त्यांची, आरेखने करू इच्छिणाऱ्या मराठी तरुणांसाठी एका अनुभवी आरेखकाने ते लिहिले होते. भाषा तपासायची तर विषय समजून घेणे प्राप्तच होते.

त्या टिपणाच्या एका पानावर 'ऑब्जेक्ट स्नॅप नेहमी चालू ठेवावा' असे वाक्य होते आणि चार पानांनंतर 'ऑब्जेक्ट स्नॅप बंद असल्याची खात्री करावी' असे वाक्य होते. लेखनिकाची चूक असावी असे प्रथम वाटले. चौकशी केल्यावर कळले की, दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणते वाक्य कोणत्या जागेसाठी आहे आणि का आहे, एवढेच लिहायचे राहून गेले होते. नवशिक्या आरेखकाची नेमकी येथेच अडचण होते. त्याला आज्ञा पाठ असतात, पण त्यांच्यामागील कारण त्याला कोणी सांगितलेले नसते. ते कारण स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी 'ऑटोकॅड' आणि त्यावर उभारलेली 'ऑटोकॅड इलेक्ट्रिकल' ही संगणकप्रणाली आधाराला घेतली आहे.

२. दिसणारी जोडणी आणि नोंदलेली जोडणी

कागदावर शिसपेन्सिलीने काढलेल्या आरेखनात दोन रेषा एकमेकींना भिडलेल्या दिसल्या, की त्या जोडलेल्या आहेत असे वाचणारा मानतो. अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तरी मानवी डोळा ती फट मनातल्या मनात भरून काढतो. संगणकाला ही सवय नाही. ऑटोकॅडमध्ये प्रत्येक रेषा स्वतंत्र वस्तू म्हणून साठवली जाते आणि तिच्या दोन टोकांचे निर्देशक तिच्याबरोबर नोंदले जातात. शेजारची रेषा कोठे संपते, याची नोंद तिच्याजवळ नसते. त्यामुळे दोन रेषा जोडल्या आहेत किंवा नाहीत, हे ठरविण्यासाठी त्यांच्या टोकांचे आकडे ताडून पाहणे एवढाच मार्ग उरतो.

मराठी मजकूर संगणकावर हाताळणाऱ्यांना या भेदाची ओळख वेगळ्या क्षेत्रातून झालेली आहे. जुन्या टंकांत अक्षरजुळणी केलेला मजकूर आणि युनिकोडमधील मजकूर छापील पानावर एकसारखा दिसू शकतो. परंतु त्यात एखादा शब्द शोधू गेले, तर एकात तो सापडतो आणि दुसऱ्यात सापडत नाही. डोळ्याने वाचलेले अक्षर आणि यंत्राने नोंदलेले अक्षर यांत जे अंतर येथे पडते, तेच अंतर आरेखनात दिसणारी जोडणी आणि नोंदलेली जोडणी यांच्यात पडते.

विद्युत आरेखनात हे अंतर विशेष महत्त्वाचे ठरते. इमारतीच्या नकाशात भिंतीची एक रेषा केसभर आखूड राहिली, तर गवंडी बहुधा ती भिंत पुरी बांधतोच. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये तार म्हणजे तारेसाठी राखलेल्या लेयरवरील साधी रेषा होय. या रेषांची टोके कोणत्या चिन्हाच्या कोणत्या जोडस्थानी पडतात, हे पाहून प्रणाली स्वतः तारांना क्रमांक देते आणि कोणती तार कोठून निघून कोठे जाते याची 'फ्रॉम-टू' यादी तयार करते. पॅनेलमध्ये प्रत्यक्ष तारा ओढणारा वायरमन पुष्कळदा या यादीवरूनच काम करतो. रेषा काढणाऱ्याच्या हातून राहिलेली फट अशा रीतीने यादीत उतरते आणि यादीतून लोखंडी पेटीतील तांब्याच्या तारेपर्यंत पोहोचते.

३. 'पकड' ही संकल्पना

संगणकाच्या पडद्यावर नुसत्या हाताने अचूक बिंदू दाखविणे मनुष्याला शक्य नसते, ही अडचण संगणकीय आरेखनाच्या जन्माइतकीच जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६३ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात 'स्केचपॅड' ही प्रणाली मांडली. तिच्यात प्रकाशलेखणी एखाद्या बिंदूच्या किंवा रेषेच्या जवळ नेली असता, लेखणीची खरी जागा बाजूस ठेवून त्या बिंदूची अचूक जागा ग्राह्य धरण्याची सोय होती. हात जवळपास नेणे हे माणसाचे काम आणि नेमकेपणा हे यंत्राचे, अशी ही विभागणी आहे. ऑटोकॅड १९८२ मध्ये आले आणि कालांतराने हीच कल्पना त्यात 'ऑब्जेक्ट स्नॅप' या नावाने रूढ झाली. पूर्वी काढलेल्या वस्तूवरील भूमितीय दृष्ट्या निश्चित असलेला बिंदू कर्सरने पकडणे, असे तिचे स्वरूप सांगता येईल. म्हणून या लेखात तिला 'पकड' म्हटले आहे. वायरमनच्या हातातील पक्कड या शब्दाशी असलेले त्याचे नाते वाचकांच्या लक्षात येईलच.

सध्याच्या आवृत्त्यांत पकडीचे १४ प्रकार आहेत. पडद्यावरील त्यांची नावे इंग्रजी असली, तरी मराठी माध्यमातून शालेय भूमिती शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यांतील बहुतेक संकल्पना आधीपासूनच ठाऊक असतात. एंडपॉइंट म्हणजे अंत्यबिंदू, मिडपॉइंट म्हणजे मध्यबिंदू, इंटरसेक्शन म्हणजे छेदनबिंदू, पर्पेंडिक्युलर म्हणजे लंबपाद आणि टँजंट म्हणजे स्पर्शबिंदू. सेंटर हे वर्तुळाचे केंद्र. क्वाड्रंट म्हणजे वर्तुळपरिघावरील वर, खाली, उजवीकडे व डावीकडे असलेल्या चार बिंदूंपैकी एक. इन्सर्शन म्हणजे एखादे चिन्ह किंवा अक्षरमजकूर ज्या बिंदूला धरून आरेखनात ठेवला गेला तो निवेशबिंदू. निअरेस्ट ही पकड वस्तूवरील कर्सरला सर्वांत जवळचा असा कोणताही बिंदू देते. शिक्षकाने आरंभी या दोन नामावल्या शेजारी शेजारी मांडल्या, तर विद्यार्थ्याचे निम्मे भय कमी होते, असा टिपणकर्त्याचा अनुभव आहे.

४. स्थायी पकड आणि तात्कालिक पकड

पकड दोन प्रकारे वापरता येते. 'ड्राफ्टिंग सेटिंग्ज' या चौकटीतील ऑब्जेक्ट स्नॅपच्या पानावर ज्या प्रकारांपुढे खूण केली असेल, ते प्रकार सतत जागे राहतात. यांना स्थायी पकड म्हणता येईल. कळफलकावरील एफ-३ ही कळ दाबून ही सर्व व्यवस्था एकदम बंद किंवा चालू करता येते. केलेल्या खुणा त्यामुळे पुसल्या जात नाहीत. दुसरा प्रकार तात्कालिक पकडीचा. बिंदू विचारला जात असताना शिफ्टची कळ दाबून माऊसची उजवी कळ दाबल्यास पकडींची यादी उघडते. तीतून निवडलेली पकड केवळ त्या एका बिंदूपुरती लागू होते आणि नंतर स्थायी व्यवस्था पूर्ववत होते. याच यादीतील 'नन' हा पर्याय त्या एका बिंदूपुरत्या सर्व पकडी निलंबित करतो.

स्थायी पकडीच्या चौकटीत 'सर्व निवडा' असे बटण आहे आणि नवशिक्याचा हात प्रथम त्याच्याकडेच जातो. जितक्या पकडी जास्त तितकी अचूकता जास्त, अशी त्यामागील समजूत असते. प्रत्यक्षात घडते ते उलट. कर्सरभोवती पकडीचा एक लहान चौकोनी टप्पा असतो आणि त्याचे माप पडद्यावरील पिक्सेलमध्ये मोजले जाते. मुळातील ठरीव माप १० आहे. आरेखन मोठे करून पाहिले असता या टप्प्यात एखादाच बिंदू येतो. संपूर्ण पान एकदम पडद्यावर बसविले असता त्याच टप्प्यात चार-पाच बिंदू गर्दी करतात. मग कर्सर कोणाकडे ओढला जाईल, याचा अंदाज आरेखकाला येत नाही. टॅबची कळ दाबून या बिंदूंतून एकामागून एक निवड करता येते. परंतु घाईने काम करणारा माणूस तेवढे थांबत नाही. म्हणून स्थायी पकडी थोड्या असाव्यात, लागतील त्या इतर पकडी तात्कालिक म्हणून बोलवाव्यात आणि बिंदू देण्यापूर्वी आरेखनाचा तो भाग पुरेसा मोठा करून पाहावा, हे तीन नियम एकाच कारणातून निघतात.

५. जाळीची पकड: एक महत्त्वाचा भेद

ऑब्जेक्ट स्नॅपशी नेहमी गल्लत होते ती 'ग्रिड स्नॅप'ची, म्हणजे जाळीच्या पकडीची. ही एफ-९ या कळीने चालू-बंद होते. ती पूर्वी काढलेल्या वस्तूंकडे पाहत नाही. ठरावीक अंतरावरील अदृश्य जाळीच्या बिंदूंवरच कर्सरला थांबू देते. विद्युत आरेखनातील मंडल-आकृतीला, म्हणजे स्केमॅटिकला, ही पकड विशेष मानवते. स्केमॅटिकमधील अंतरांना प्रत्यक्ष मापाचा अर्थ नसतो. तेथे सरळ रेषा, समान अंतरे आणि ठरीव जागी येणारी जोडस्थाने एवढेच अपेक्षित असते. चिन्हांचे संचही त्या दृष्टीने बांधलेले असतात. आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय मानकातील चिन्हांची रचना २.५ मिलिमीटरच्या मूलमापावर आधारलेली आहे. जाळी या मापाशी जुळती ठेवली, तर चिन्हाचे जोडस्थान आणि तारेचे टोक आपोआप एकाच बिंदूवर येतात.

या दोन पकडींत आणखी एक भेद आहे आणि एकत्र काम करणाऱ्यांच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. जाळीचे अंतर आणि तिची चालू-बंद अवस्था आरेखनाच्या धारिकेत साठवली जाते. ऑब्जेक्ट स्नॅपच्या खुणा मात्र वापरणाऱ्याच्या संगणकातील नोंदवहीत साठवल्या जातात. म्हणजे जाळी आरेखनाबरोबर प्रवास करते आणि ऑब्जेक्ट स्नॅप माणसाजवळ राहतो. एकच धारिका दोन आरेखकांनी उघडली, तर दोघांना जाळी एकच मिळते. पकडी मात्र ज्याच्या त्याच्या. 'माझ्याकडे बरोबर बसते, तुमच्याकडे का बसत नाही' या कार्यालयातील नित्याच्या वादाचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

६. 'ऑसमोड'चा अंक

स्थायी पकडींची संपूर्ण निवड 'ऑसमोड' नावाच्या एका चलात एका अंकाने नोंदलेली असते. प्रत्येक पकडीला एक वजन दिलेले आहे: अंत्यबिंदू १, मध्यबिंदू २, केंद्र ४, नोड ८, क्वाड्रंट १६, छेदनबिंदू ३२, निवेशबिंदू ६४, लंबपाद १२८, स्पर्शबिंदू २५६, निकटतम बिंदू ५१२ आणि याप्रमाणे पुढे. प्रत्येक वजन मागील वजनाच्या दुप्पट आहे. निवडलेल्या पकडींच्या वजनांची बेरीज म्हणजे ऑसमोडचा अंक होय.

ही योजना आपल्याकडील जुन्या मापांची आठवण करून देणारी आहे. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक या क्रमात प्रत्येक माप मागील मापाच्या निम्मे असे. प्रत्येक वजन एकदाच वापरायचे ठरविले, तर पारड्यातील एकूण वजनावरून कोणकोणती वजने टाकली आहेत हे निःसंशय सांगता येते. ऑसमोडचा अंकही तसाच वाचता येतो. या चलाचे मूळ ठरीव मूल्य ४१३३ आहे. त्याची फोड ४०९६, ३२, ४ आणि १ अशी होते. म्हणजे एक्स्टेन्शन, छेदनबिंदू, केंद्र आणि अंत्यबिंदू या चार पकडी चालू आहेत. एफ-३ ने व्यवस्था बंद केली असता या अंकात १६३८४ मिळवले जातात आणि तो २०५१७ होतो. खुणा पुसल्या न जाता केवळ निलंबित होतात, ते यामुळे.

अंकाचा व्यावहारिक उपयोग असा की, चौकटीत चौदा खुणा तपासत बसण्याऐवजी आज्ञापंक्तीवर 'ऑसमोड' टंकून अपेक्षित अंक दिला, की सर्व व्यवस्था एका क्षणात पूर्ववत होते. हीच आज्ञा एखाद्या बटणाला जोडून ठेवता येते. स्केमॅटिकसाठी एक बटण आणि पॅनेलच्या मांडणीसाठी दुसरे, अशी योजना केलेली असली, तर सेटिंग आठवण्याचा भार आरेखकावर राहत नाही.

७. सेटिंग आपोआप का बदलते?

आरेखकांची सर्वसाधारण तक्रार अशी असते की, सकाळी लावलेल्या पकडी दुपारी नाहीशा होतात. यात गूढ काही नाही. ऑटोकॅडवर उभारलेल्या अनेक साधनांच्या आणि कार्यालयांतून स्वतः लिहिलेल्या छोट्या आज्ञांच्या मुळाशी ऑटोलिस्प या भाषेतील कार्यक्रम असतात. कार्यक्रम बिंदूचे निर्देशक आकड्यांत देतो. परंतु स्थायी पकड चालू असल्यास आणि त्या आकड्याच्या जवळ एखादा पकडण्याजोगा बिंदू असल्यास, दिलेला आकडा बाजूला सारला जाऊन तो शेजारचा बिंदू घेतला जाऊ शकतो. माणसाने कळफलकावरून टंकलेला आकडा मूळ ठरीव व्यवस्थेत पकडीपेक्षा श्रेष्ठ मानला जातो. कार्यक्रमाने दिलेल्या आकड्याला मात्र तेच संरक्षण मिळत नाही. 'ऑस्नॅपकोऑर्ड' नावाचे वेगळे चल हा नियम ठरविते.

म्हणून जाणकार कार्यक्रमलेखक आरंभी ऑसमोडचा अंक जपून ठेवतो, त्याला शून्य करतो, आपले काम उरकतो आणि शेवटी मूळ अंक परत ठेवतो. मध्येच आरेखकाने एस्केपची कळ दाबली, तर कार्यक्रम अर्ध्यावर थांबतो. अशा वेळी अंक परत ठेवण्याची तरतूद लेखकाने केलेली नसेल, तर ऑसमोड शून्यावरच राहतो. चौकटीतील सर्व खुणा गेलेल्या दिसतात आणि त्या पुन्हा लावल्याशिवाय एफ-३ दाबून काहीही साधत नाही. उपाय दोन आहेत. कार्यक्रम लिहिणाऱ्याने चूक उद्भवल्यास अंक परत ठेवणारा भाग अवश्य लिहावा. आणि वापरणाऱ्याने आज्ञा अर्ध्यावर सोडल्यानंतर पुढची रेषा काढण्यापूर्वी ऑसमोडचा अंक एकदा पाहावा.

८. स्केमॅटिक आणि पॅनेल: दोन कामे, दोन व्यवस्था

टिपणातील परस्परविरोधी वाटणाऱ्या वाक्यांचा उलगडा आता होतो. स्केमॅटिक काढताना ऑटोकॅड इलेक्ट्रिकलच्या चिन्हांवर तारजोडणीची स्थाने अदृश्य गुणनोंदींच्या रूपाने ठेवलेली असतात. तार काढण्याची प्रणालीची स्वतःची आज्ञा ही स्थाने ओळखते. ती चालू असताना एक्स हे अक्षर टंकल्यास ही स्थाने फुलीच्या खुणेने पडद्यावर दिसतात. तारेचे टोक या स्थानापासून अत्यल्प मर्यादेत पडले तर जोडणी धरली जाते; मर्यादेबाहेर पडले तर धरली जात नाही. अशा ठिकाणी जाळीची पकड आणि प्रणालीची स्वतःची ओळख एवढे पुरेसे असते. भरपूर स्थायी पकडी येथे मदतीपेक्षा अडथळाच अधिक करतात.

त्यांतील तीन पकडी विशेष सावधगिरीने वापराव्यात. पहिली निवेशबिंदूची. चिन्हाजवळ लिहिलेले नाव, मूल्य, टर्मिनलचा क्रमांक या सर्वांना स्वतःचा निवेशबिंदू असतो. जोडस्थान पकडतो आहोत अशा समजुतीने आरेखक अक्षराचा बिंदू पकडतो आणि तार जोडस्थानाच्या शेजारी संपते. दुसरी छेदनबिंदूची. दोन तारा एकमेकींना ओलांडून जातात, तेव्हा प्रणाली त्यांना जोडलेल्या मानत नाही. तिसऱ्या तारेचे टोक मात्र त्याच छेदनबिंदूवर आणून ठेवले, तर ते दोन्ही तारांना स्पर्श करते आणि वेगळे राहावयाचे दोन मार्ग एकत्र धरले जाण्याचा धोका उत्पन्न होतो. तिसरी निकटतम बिंदूची. ती कोठेही काहीतरी पकडतेच. त्यामुळे तार जाळीवरून सरकते, किंचित तिरकी होते आणि पुढच्या प्रत्येक तारेला तो तिरकेपणा लागतो.

स्केमॅटिकसाठी जाळी चालू ठेवून अंत्यबिंदू व लंबपाद एवढ्याच स्थायी पकडी ठेवल्या, तर ऑसमोडचा अंक १ आणि १२८ मिळून १२९ होतो. एका तारेतून काटकोनात दुसरी तार काढण्यास एवढे पुरते.

पॅनेलच्या मांडणीचे आरेखन हे वेगळे काम आहे. तेथे माप खरे असते. ३५ मिलिमीटर रुंदीची डिन रेल, तारांच्या नळ्या, उपकरणांच्या पायांची छिद्रे ही सर्व प्रत्यक्ष मापाने काढली जातात आणि पत्र्यात छिद्रे त्यावरूनच पाडली जातात. उपकरणांची मापे जाळीच्या अंतराशी जुळतीलच असे नाही. म्हणून येथे जाळीची पकड बंद करावी आणि वस्तूची पकड चालू ठेवावी. अंत्यबिंदू, मध्यबिंदू, केंद्र, क्वाड्रंट, छेदनबिंदू आणि लंबपाद या सहांची बेरीज १८३ होते. पॅनेलसाठी हा अंक बहुतेक वेळा पुरतो. एका कामात जो नियम आहे, तो दुसऱ्या कामात दोष ठरतो. टिपणातील दोन वाक्यांमध्ये राहून गेलेला दुवा हाच होता.

९. एका फटीची हकीकत

टिपणकर्त्याने सांगितलेली एक घटना येथे नोंदवणे उचित होईल. एका यंत्राच्या पॅनेलमध्ये आणीबाणीच्या थांब्याचे, म्हणजे इमर्जन्सी स्टॉपचे, मंडल होते. त्याच्या संपर्कापासून निघालेली तार रिलेच्या कॉइलकडे जात होती. आरेखन तपासले गेले, छापले गेले, त्यावर सह्या झाल्या. छापील पानावर तार कॉइलच्या टर्मिनलला टेकलेली स्पष्ट दिसत होती. फ्रॉम-टू यादी मात्र त्या टर्मिनलविषयी मौन होती. वायरमन वयाने मोठे होते, त्यांनी यादीप्रमाणे सर्व तारा ओढल्या आणि आरेखकाला बोलावून एवढेच विचारले, "साहेब, कॉइलच्या ए-एकला तारच नाही. असं कसं चालेल?" संगणकावर तो भाग अनेक पटींनी मोठा करून पाहिला, तेव्हा तारेचे टोक टर्मिनलच्या क्रमांकाच्या निवेशबिंदूवर बसलेले आढळले. जोडस्थान त्याच्या शेजारी मोकळे होते.

ही चूक निरुपद्रवी बाजूची होती. कॉइलला वीज मिळाली नसती आणि यंत्र सुरूच झाले नसते. विचार करण्याजोगी आहे ती उलट बाजूची चूक. एखाद्या तारेचे टोक चुकीच्या पकडीमुळे आणीबाणीच्या संपर्काच्या पलीकडील तारेवर बसले, तर यादीप्रमाणे ओढलेली तार त्या संपर्काला वळसा घालून जाईल. यंत्र नेहमीप्रमाणे चालेल, सर्व काही ठीक दिसेल आणि ज्या दिवशी कोणी तरी तो लाल गोळा दाबेल, त्या दिवशी यंत्र थांबणार नाही. आरेखनातील जोडणी ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नाही, हे यावरून ध्यानी यावे.

१०. पडताळणी

पकडी कितीही काळजीपूर्वक ठेवल्या, तरी पडताळणीला पर्याय नाही. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये त्यासाठी तीन साधने उपयोगी पडतात. 'शो वायर्स' हे साधन कोणत्या रेषा तार म्हणून ओळखल्या गेल्या आहेत ते उठावाने दाखवते. त्यामुळे चुकीच्या लेयरवर काढलेली रेषा लगेच वेगळी पडते. 'चेक/ट्रेस वायर' हे साधन एका तारेपासून सुरुवात करून तिच्याशी जोडलेला मार्ग टप्प्याटप्प्याने उजळत नेते. मार्ग अपेक्षेआधी थांबला तर फट आहे. अपेक्षेपलीकडे गेला तर नको ती जोडणी झाली आहे. तिसरे साधन आरेखनाच्या अंकेक्षणाचे, ज्यात शून्य लांबीच्या तारांसारखे डोळ्याला न दिसणारे दोष सापडतात.

या साधनांच्या जोडीला फ्रॉम-टू यादी हाती घेऊन सुरक्षेशी संबंधित मंडलांतील प्रत्येक ओळ आरेखनाशी ताडून पाहावी. साहित्यसंशोधनात पाठचिकित्सक हस्तलिखिताची एक प्रत दुसऱ्या प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहतो. एका प्रतीत गळलेला शब्द दुसऱ्या प्रतीमुळे उघड होतो. आरेखन आणि यादी या एकाच मंडलाच्या दोन प्रती आहेत असे मानले, तर आरेखकाचे हे काम त्याच शिस्तीचे आहे.

११. समारोप

वरील विवेचनाचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल. विद्युत आरेखनातील तार डोळ्याला जोडलेली दिसणे पुरेसे नाही. ती आकड्यांत जोडलेली असली पाहिजे. त्यासाठी स्केमॅटिकमध्ये जाळीवर भर द्यावा आणि स्थायी पकडी मोजक्या ठेवाव्यात. पॅनेलच्या मांडणीत जाळी सोडून वस्तूच्या पकडीवर विसंबावे. दोन्ही व्यवस्थांचे अंक लिहून ठेवावेत, बटणांना जोडावेत आणि एकाच गटातील सर्व आरेखकांनी तेच अंक वापरावेत. कारण हे सेटिंग धारिकेबरोबर जात नाही. आज्ञा अर्ध्यावर सोडल्यानंतर अंक तपासावा. काम संपल्यावर मार्ग उजळून पाहावा.

भाषेच्या बाजूने एकच गोष्ट नोंदवावीशी वाटते. तपासलेल्या त्या टिपणातील शब्द चुकलेले नव्हते आणि व्याकरणही सदोष नव्हते. उणीव होती ती 'कारण' या शब्दाने सुरू होणाऱ्या वाक्यांची. तांत्रिक मराठीची चर्चा आपण पुष्कळदा पारिभाषिक संज्ञांपाशीच थांबवतो आणि ऑब्जेक्ट स्नॅपला काय म्हणावे यावर वाद घालतो. शिकणाऱ्याला संज्ञा इंग्रजी असली तरी चालते. तिच्यामागील कारण त्याच्या भाषेत मिळाले पाहिजे. सुधारलेल्या टिपणात ती दोन वाक्ये आज एकाच पानावर, एकाखाली एक छापलेली आहेत. पहिल्याच्या आरंभी 'पॅनेलच्या मांडणीत' आणि दुसऱ्याच्या आरंभी 'स्केमॅटिकमध्ये' हे शब्द घातले आहेत, आणि प्रत्येकीखाली तीन ओळींत कारण दिले आहे.